गार पॅनलचा मुआयना

नांदेड, ६ जानेवारी २०२५

आदरणीय आनंदराज मामा,
सप्रेम जयभीम.

काल फोन केला होता, पण तुमच्या दालमिलच्या घरघरीत ना तुम्हाला काही कळलं, ना मला. म्हणून टाईप करून पाठवतेय. तुम्ही नेहमीसारखं कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा. फक्त या वेळी कागद सुलटा धरा.

बातमी अशी की तुमच्या मालकांनी, शिवमूर्तीअप्पांनी मिलमधल्या विजेच्या पॅनलची तपासणी आमच्या कंपनीला दिलीय, आणि आमच्या शिवगंगा मॅडमनी ती माझ्या एकटीच्या गळ्यात घातलीय. आजवर मी त्यांच्या मागे बॅग धरून फिरले. हे माझं पहिलं स्वतंत्र काम. आईला सांगितलं तर म्हणाली, "लातूरला? आनंददादाच्या मिलमधी? मग तर घरचंच काम हाय." मामा, मला नेमकी त्याचीच धास्ती आहे.

माझ्याकडे एक कॅमेरा आहे, त्यात उष्णता दिसते. गार तिथं निळं, गरम तिथं पिवळं, फारच तापलं असेल तिथं पांढरं. विजेचा जोड सैल झाला की तापतो, आणि जळायच्या आधी या कॅमेऱ्यात सापडतो. पण त्यासाठी जागेवरच्या माणसाशी आधी नीट बोलून घ्यावं लागतं, आणि जागेवरचा माणूस म्हणजे तुम्ही. मी १८ तारखेला सकाळी येईन. त्या दिवशी मिल रोजच्यासारखी जोरात चालू पाहिजे, कारण वीज वाहिली तरच जोड तापणार. पॅनलची दारं तुमच्या माणसानं उघडायची, सुती कपडे आणि रबरी हातमोजे घालून. मी हात लावणार नाही. आणि त्याआधी आवळाआवळ, साफसफाई काही करू नका. आहे तसं दिसू द्या.

आणि हो, मी तुमची भाची आहे हे तिथं कोणाला सांगू नका. मामींना जयभीम.

तुमची,
बुद्धप्रिया

*

लातूर, ८ जानेवारी

चि. बुद्धप्रियास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मग तुझ्या मामीला, महामायाला वाचून दाखवलं. मग मिलमधल्या पोरांना वाचून दाखवलं. पोरी, ऊर भरून आला. आपल्या घराण्यात आजवर सगळे मुआयना करून घेणारेच झाले. मुआयना करायला येणारी तू पहिली.

तू माझी भाची आहेस हे मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त अप्पांना सांगितलं. आणि वैजनाथला. बाकीच्यांना वैजनाथकडून कळलं असेल, त्याला माझा इलाज नाही.

हा वैजनाथ म्हणजे माझ्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन. डिप्लोमा झालेला आहे. हल्ली अप्पांना काही विचारायचं असलं की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. परवा केबिनमध्ये अप्पा म्हणाले, "आनंदराजभाऊ, त्या मुआयन्यात काय निगल का हो?" आणि बघितलं वैजनाथकडे. मला राहवलं नाही. म्हणालो, "अप्पा, माझ्या पॅनलमंदी एक बी दोष निघाला, तर खोलीच्या चाव्या तुमच्या टेबलावर ठेवतो." वैजनाथनं मान खाली घातली. मला लई बरं वाटलं.

तुला चाव्यांचं सांगायला पाहिजे. विजेच्या खोलीच्या चाव्या ज्याच्या कमरेला, तो मिलमधला मोठा मिस्त्री. बाकीचे नुसते वायरमन. तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षी त्या माझ्या कमरेला आल्या, त्या अजून तिथंच आहेत.

तयारी जोरात चालू आहे. खोलीला चुना दिला. पॅनलना चंदेरी रंग लावायला घेतलाय. पहिला झालासुद्धा, आरशासारखा चमकतो. एकच विचारायचं होतं. तू कॅमेरा आधी कुठं धरणार, ते कळलं तर तिथं उजेडाची सोय करता येईल.

तुझा मामा,
आनंदराज

*

नांदेड, ९ जानेवारी

मामा, जयभीम.

रंग थांबवा! हातातला ब्रश खाली ठेवा आणि मग पुढचं वाचा.

चमकत्या पत्र्यावर माझा कॅमेरा फसतो. पत्र्याची उष्णता दिसायच्या ऐवजी समोर उभ्या असलेल्या माणसाची दिसते. म्हणजे पहिल्या पॅनलच्या रिपोर्टमध्ये मला माझाच ताप लिहावा लागेल. मी सांगितलं होतं ना, आहे तसं दिसू द्या? डॉक्टर ताप मोजायला येणार म्हणून कोणी आजाऱ्याला आंघोळ घालून पावडर लावतं का?

आणि चाव्यांची पैज तुम्हाला लावायला कोणी सांगितली होती? अहो, मशिनींच्या थरथरीनं नट सैल होतात. ते कोणाच्याही मिलमध्ये होतात. त्याचा तुमच्या हुशारीशी काय संबंध? जाऊन अप्पांना सांगा की गमतीनं म्हणालो.

उजेडाची सोय नको. तुम्हाला कसली सोय करायची आहे ते मला कळतं, मामा. मी तुमच्याच बहिणीची मुलगी आहे.

बुद्धप्रिया

*

लातूर, १३ जानेवारी

चि. बुद्धप्रियास आशीर्वाद.

रंग बंद केला. तू एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं. महामाया म्हणते, पोरगी साहेब झाली.

अप्पांना गमतीनं म्हणालो असं सांगता येत नाही. पोरांसमोर बोललो होतो. दिलेला शब्द गिळला तर मग इज्जत काय राहिली?

पण तू बिलकुल फिकीर करू नकोस. तुझं पहिलं पत्र मी भिंतीला चिकटवलंय. गार तिथं निळं, तापलं तिथं पांढरं. नीट ध्यानात घेतलंय. सगळं निळं दिसेल असा बंदोबस्त करून राहिलोय. धुळीनं तुझा महागाचा कॅमेरा खराब होऊ नये, त्याचाही विचार केलाय. मंडपवाल्या व्यंकटशी बोलणी झालीत. कशाची, ते आल्यावर बघ.

मामा

*

नांदेड, १४ जानेवारी

मामा, मंडप कशाला? माझ्या एकटीच्या जेवणासाठी एवढा घाट घालू नका, मामींच्या हातची भाकरी आणि ठेचा पुरे. "सगळं निळं" वाचून मात्र खूप हसले. शनिवारी भेटू.

बुद्धप्रिया

*

नांदेड, १९ जानेवारी

मामा,

काल दिवसभर तुमच्याशी भांडता आलं नाही, कारण सगळे बघत होते. आता भांडते.

गेटवर उतरले तर माझा फ्लेक्स. "थर्मोग्राफी तज्ज्ञ कुमारी बुद्धप्रिया यांचे सहर्ष स्वागत". फोटो दहावीच्या सत्काराचा, दोन वेण्यांचा. शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. तेही चालवून घेतलं असतं. पण आत आले तर मिल बंद! सगळे कामगार इस्त्रीच्या कपड्यांत सतरंजीवर बसलेले, आणि दालमिलमध्ये कबुतरांचं घुमणं ऐकू येतंय. "कॅमेऱ्याला धूळ लागू नये म्हणून बंद ठिवलीय," असं तुम्ही छाती फुगवून सांगितलंत. अंगात टेरिकॉटचा सफारी. मी सुती लिहिलं होतं.

आणि मग ती खोली. जानेवारीचा महिना, आणि पॅनलच्या तोंडावर मंडपवाल्या व्यंकटचे चार कूलर, पाण्यात बर्फ टाकून. अप्पा कानटोपी घालून कुडकुडत उभे. मामी शिंकतायत. तुम्ही मात्र नवरदेवाच्या बापासारखे हसताय.

कॅमेरा लावला. सगळं निळंशार. बंदोबस्ताला तोड नव्हती. अप्पांचं कपाळ पिवळं, कोपऱ्यातली चहाची शेगडी पांढरी, आणि शेगडीच्या मागं आणखी एक ठिपका पांढरा. तो काय होता ते मी तुमच्या कानात सांगितलं, आता लिहूनही ठेवते. कूलर आणि शेगडीला वीज द्यायला तुम्ही सकाळी घाईत दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, तो जोड. सबंध मिलमध्ये काल मला एकच दोष दिसला, आणि तो तुम्ही माझ्या स्वागतासाठी केला होता.

अप्पांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट म्हणाले, "आज तपासणी झालीच नाही. मिल चालू असताना पुन्हा यावं लागेल." तुम्ही लगेच ओरडलात, "म्हंजे काय बी निघालं न्हाई, अप्पा!" आणि पेढे वाटलेत. मलाही दिलात. मी खाल्लाही.

एसटीत नांदेडपर्यंत मला रडू येत होतं, मामा. शिवगंगा मॅडमनी विचारलं, "जागेवरच्या माणसाशी आधी बोलली नव्हतीस का?" काय सांगू त्यांना? माझं पहिलं काम, आणि रिपोर्टचा कागद कोरा. तुम्हाला वाटत असेल की मी "सर्व ठीक" लिहून देईन. नाही देणार. ३० तारखेला पुन्हा येतेय. मिल चालू ठेवा.

बुद्धप्रिया

*

लातूर, २१ जानेवारी

कु. बुद्धप्रिया मॅडम यांस,
आनंदराज मिस्त्री यांचा जयभीम.

आपलं पत्र पोचलं. आपल्यासाठी बर्फाची लादी रिक्षातून मांडीवर धरून आणली. मांडी दोन दिवस बधिर होती. त्याचं हे फळ. महामायाला सर्दी झाली ती वेगळीच. फ्लेक्सवरच्या फोटोला नावं ठेवलीत, पण आम्हाला तोच फोटो आवडतो.

पोरी, आता खरं लिहितो. एवढं साहेबी लिहून हात दुखला.

मला भीती वाटते. वैजनाथ वाईट नाही, उगाच त्याला बोललो. पण त्याला संगणकावर नकाशे काढता येतात, कंपनीच्या माणसांशी हिंदीत बोलता येतं. मला या खोलीशिवाय काय येतं? मी गेटमधून येतो तेव्हा चाव्या वाजतात आणि पोरं म्हणतात, मिस्त्री आले. चाव्या नसल्या तर कोण आला म्हणतील? घरी बसलो तर महामाया मला दळण आणायला पाठवेल, आणि तिचं बरोबरच असेल.

तुला हसू येईल, पण मला तर ती खुर्चीसुद्धा सोडवत नाही. थंडीत तिसऱ्या पॅनलच्या दाराला खुर्ची टेकवून बसलं की पाठीला काय छान ऊब लागते! जेवण झालं की तिथं माझी रोज डुलकी होते. चाव्या गेल्या की त्या खुर्चीत वैजनाथ बसणार. याच विचारानं जेवण जात नाही.

एकदा "सर्व ठीक" लिहून दे. मामा म्हणून मागतो. पुन्हा काही मागणार नाही.

आनंदराज

*

नांदेड, २१ जानेवारी, पत्र मिळाल्याबरोबर

मामा, खुर्ची उचला. आत्ता. मग वाचा.

पॅनलच्या दाराला ऊब यायला नको. बाहेरचा पत्रा पाठीला शेक देण्याइतका तापत असेल, तर आत काय तापत असेल? तुम्ही रोज ज्याला टेकून झोपता, त्याच्याच आत आग लागायची राहिलीय. त्या पॅनलवरच्या मशिनी लगेच बंद करा. कोणाला जवळ जाऊ देऊ नका. दार उघडून बघत बसू नका. अप्पांना खरं कारण सांगा, नाहीतर हंगामात ते मशिनी बंद ठेवू देणार नाहीत.

मी ३० ची वाट बघत नाही, परवाच येते. मॅडमना सांगितलंय, त्यांनी लगेच जा म्हटलं. मी आल्यावर लांब उभं राहून मशिनी चालू करू. तुम्ही विचारलं होतंत ना, कॅमेरा आधी कुठं धरणार? आता सांगते. तिसऱ्या पॅनलवर.

"सर्व ठीक" देणार नाही. तुम्ही रागवा, वर्षभर बोलू नका. चाव्या जाऊ द्यात, मला मामा पाहिजे.

बुद्धप्रिया

*

लातूर, २५ जानेवारी

चि. बुद्धप्रियास आशीर्वाद.

परवा तू लवकरची एसटी धरून गेलीस. नंतर काय झालं ते तुला कळायला पाहिजे.

त्याआधीचंही सांगतो. तुझं पत्र वाचून मी तिसऱ्या पॅनलवरचे रोलर बंद केले, तर अप्पा पळत आले. तुरीचे ट्रक रस्त्यापर्यंत उभे. "काय झालं हो? कामून बंद केलं?" वैजनाथही आला. मी म्हणालो, "अप्पा, ह्यो पॅनल गरम लागतोय. मला लई दिवसांपासून लागतोय." बस. चाव्यांचा निकाल तिथंच लागला, तू तर नंतर आलीस.

तू पाच दोष काढलेस आणि तिसऱ्या पॅनलपुढं लाल खूण केलीस. तू गेल्यावर मेन बंद करून मी आणि वैजनाथनं तो उघडला. वायरच्या टोकाला तांब्याचा लग असतो, नटानं आवळलेला. त्याच्यावरचं रबर करपून भाजल्या पापडासारखं चुरत होतं. मी लग बोटानं हलवला तर सुटून हातात आला. माझी पाठ टेकायची त्याच्या बरोबर मागं. मी होतो तिथंच खाली बसलो. वैजनाथनं मला धरून बाहेर नेलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, घरी फोन लावू का?" मी नको म्हणालो. महामायाला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मग केबिनमध्ये जाऊन चाव्या टेबलावर ठेवल्या. अप्पा म्हणाले, "उचला त्या. कूलरच्या दिवशी तुमी काय बी निघालं न्हाई म्हणले, तवा मला रात्रभर झोप न्हाई आली. एवढ्या जुन्या मिलमंदी काहीच न्हाई म्हंजे कायतरी दडवलं असणार. आज पाच निघाले. आज झोपतो." मी म्हणालो, "अप्पा, शब्द दिला होता." ते चिडले. "मग ऱ्हाऊ द्या!" म्हणाले आणि चाव्या खिशात टाकून घरी गेले.

काल सकाळी मी, वैजनाथ आणि सगळी पोरं विजेच्या खोलीच्या दारात उभे. कुलूप बंद. अप्पांचा फोन बंद. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवतायत. माणूस घरी पाठवला, तर अप्पा झोपलेले! कित्येक दिवसांची झोप एकदम काढत होते. दुपार व्हायला आली तेव्हा डोळे चोळत आले, ट्रकांची रांग बघितली आणि जुडगा माझ्या अंगावर फेकला. "घ्या हो तुमच्या चाव्या! ह्या खिशात असल्या की माझी मिल चालत न्हाई!"

मी घेतल्या. पण बाजारात जाऊन दुसरा जुडगा करून आणला आणि वैजनाथला दिला. अप्पांनी सांगितलं नव्हतं, मीच दिला. आता गेटमधून आम्ही दोघंही वाजत येतो. मला जेवढं दुखेल असं वाटलं होतं, तेवढं दुखलं नाही. थोडं दुखलं.

मामा

*

नांदेड, २ फेब्रुवारी

आदरणीय मामा, जयभीम.

पत्र कितीदा वाचलं ते विचारू नका. अप्पांच्या झोपेवर शिवगंगा मॅडमसुद्धा हसल्या. रिपोर्टवर "जागेवरील प्रतिनिधी" म्हणून तुम्ही केलेली ती लांबलचक सही बघून म्हणाल्या, हा माणूस पक्का दिसतो.

आता एक काम. अप्पांच्या साडूंची लोह्याला कापसाची जिनिंग मिल आहे, तिथली तपासणी मला मिळालीय. तिथले मिस्त्री शरणप्पा म्हणून आहेत. मी सगळ्या सूचना लिहून पाठवल्या, तर त्यांचा निरोप आला, "ताई, फिकीर करू नका, सगळा बंदोबस्त करतो." मामा, हा 'बंदोबस्त' मी याआधीही वाचलाय. माझं त्यांना पटणार नाही. तुम्ही लिहाल का?

तुमची,
बुद्धप्रिया

*

लातूर, ४ फेब्रुवारी

श्री. शरणप्पा मिस्त्री, लोहा, यांस
आनंदराज मिस्त्री, लातूर, यांचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण आपण दोघं एकाच धंद्यातले, म्हणून मोकळं लिहितो. तुमच्याकडे एक पोरगी कॅमेरा घेऊन येणार आहे. वयानं लहान आहे, आवाज बारीक आहे. तिच्या आवाजावर जाऊ नका. ती लिहील ते जसंच्या तसं करा, त्यात स्वतःचं डोकं घालू नका. मी घातलं होतं. लातुरात अजून हसतात.

जिनिंग पुरती चालू ठेवा. धूळ, कापूस उडू द्या, कॅमेरा तिचा आहे, ती बघून घेईल. दारं तुम्हीच उघडा, सुती कपड्यात. मालकासमोर छाती ठोकून काही बोलू नका. बोलायचंच असेल तर दोष निघतील म्हणून सांगा. निघतातच. तुमचेही निघतील. तेव्हा तोंड गरम होईल, मान खाली जाईल, हाताखालचा माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटेल. तो खरंच बघत असतो. बघू द्या.

एक गोष्ट मी घरी सांगितली नाही, भाचीलाही नीट सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. तपासणी झाल्यावर त्या रात्री जेवायला बसलो आणि घास उचलून हातातच धरून राहिलो. आपण जिवंत आहोत म्हणून जेवतोय, हे एकदम कळलं. महामाया म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे का? मी म्हणालो, लई झकास झालीय. आणि दोनदा वाढून घेतली. तुमच्या घरीही कोणीतरी ताट घेऊन बसलेलं असेल, म्हणून एवढं लिहिलं.

दोष निघाले की ती एकेक करून सांगेल, तुम्हाला खाली सही करावी लागेल. एखादा दोष वगळायला तिला सांगावंसं वाटेल. जेवायला घाला, पेढे द्या, पाहिजे तर पाया पडा, ती वगळणार नाही. मी तिचा सख्खा मामा आहे, सगळं करून पाहिलं.

आपला,
आनंदराज